ध्यानात आलेला अनुभव आणि अपरोक्ष ज्ञान

प्रश्न असा आहे. बारा वर्षे नियमाने ध्यान करणाऱ्या एका साधकाला चार वर्षांपूर्वी एका शिबिरात, तिसऱ्या दिवशी पहाटे, सुमारे वीस मिनिटे शरीराचे भान राहिले नाही. 'मी' म्हणून बोट ठेवावे असे काही उरले नव्हते आणि तरीही झोप नव्हती. होती ती अथांग शांतता. त्यानंतर कितीही प्रयत्न केला तरी ते पुन्हा घडले नाही. मधल्या काळात त्यांनी उपनिषदे आणि पंचदशी हा विद्यारण्यांचा अद्वैतावरचा ग्रंथ वाचला. 'मी ब्रह्म आहे' हे पटते, पण 'नुसते बौद्धिक' वाटते. तो आत्मसाक्षात्कार होता का, आणि तो परत कसा मिळवावा, असे ते पत्रातून विचारतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर, तुम्हाला वाईट वाटेल हे ठाऊक असूनही, 'नाही' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की तो परत मिळवण्याच्या मागे लागू नका. मात्र ही दोन्ही उत्तरे एवढ्यावर सोडली तर ती उद्धट ठरतील, म्हणून त्यांची कारणे सविस्तर मांडतो.

आपल्या भाषेत अनुभव 'येतो'. 'मला असा अनुभव आला' हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो, की त्या 'आला'मध्ये 'गेला' दडलेला आहे हे लक्षातच येत नाही. 'साक्षात्कार' या शब्दाने गोंधळ आणखी वाढतो, कारण संतचरित्रांमुळे तो शब्द ऐकताच डोळ्यांपुढे विठ्ठल प्रकट झाल्याचे चित्र उभे राहते, म्हणजे काहीतरी नवे, नव्हते ते समोर येऊन ठाकले असे. अद्वैत वेदान्तात आत्म्याविषयी वापरलेला नेमका शब्द 'अपरोक्ष' हा आहे आणि त्याची घडण मुद्दाम पाहण्यासारखी आहे. इंद्रियांपुढे असते ते प्रत्यक्ष, इंद्रियांच्या पलीकडे असते ते परोक्ष. आत्मा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो घटासारखा प्रत्यक्ष नाही. पण तो कुठे दूर स्वर्गातही नाही, म्हणून परोक्षही नाही. जे परोक्ष नाही ते अपरोक्ष, एवढेच नकाराने सांगता येते, आणि तेवढे पुरते, कारण 'मी आहे की नाही' अशी शंका आजवर कोणालाही आलेली नाही.

मी तिशीत असताना मलाही असेच काहीसे झाले होते आणि ते सांगायला मी आमच्या शास्त्रीबुवांकडे मोठ्या उत्साहाने गेलो होतो. ते ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. मी सगळे वर्णन केले. ते खडे बाजूला काढत ऐकत राहिले आणि मग त्यांनी विचारले, "सुरू कधी झालं?" मी म्हणालो, "पहाटे साडेचारच्या सुमारास." "आणि संपलं कधी?" "दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा." "सुरू झालेलं तुम्हाला कळलं, संपलेलं तुम्हाला कळलं. मग तुम्ही त्याच्या आधीही होता आणि नंतरही आहात. आता मला सांगा, त्या दोन्ही वेळा ज्याला कळल्या त्याच्याबद्दल तुम्ही एवढा वेळ काहीच का बोलला नाहीत?" एवढे बोलून त्यांनी सूप पुन्हा पाखडायला घेतले. मी बराच नाराज होऊन घरी आलो. त्या प्रश्नातच सगळा वेदान्त होता हे समजायला मला पुढे सहा-सात वर्षे लागली.

शंकराचार्यांनी ही गोष्ट ब्रह्मसूत्रभाष्यात (2.1.9) जवळजवळ याच रोखाने मांडली आहे. ते म्हणतात की गाढ झोपेत आणि समाधीत भेद स्वाभाविकपणेच मावळतो, पण मिथ्याज्ञान नाहीसे झालेले नसल्यामुळे जाग येताच तो पूर्वीसारखा परत उभा राहतो. समाधी आणि सुषुप्ती यांना आचार्यांनी एका ओळीत बसवले आहे, ही गोष्ट ध्यानमार्गी मंडळींना सहसा रुचत नाही. पण त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. दोरीवर साप दिसत असताना दिवा मालवला तर साप दिसेनासा होतो खरा, पण दोरीचे ज्ञान झालेले नसते. दिवा लागला की साप आहेच. तुमची वीस मिनिटे ही साप न दिसण्याची वीस मिनिटे होती. रमण महर्षी यावर एका योग्याची गोष्ट सांगत. गंगातीरी तपाला बसलेल्या त्या योग्याने समाधी लागण्यापूर्वी शिष्याला पाणी आणायला सांगितले. शेकडो वर्षे लोटली, गंगेने पात्र बदलले, राज्ये आली आणि गेली. समाधी उतरल्यावर योग्याने पहिला शब्द उच्चारला तो 'पाणी'. मन इतका काळ निजले होते, मेले नव्हते. महर्षी याला मनोलय म्हणत आणि मनोनाशापासून तो काटेकोरपणे वेगळा ठेवत.

इथे तुम्ही म्हणाल की खुद्द महर्षींनाच तर अनुभव आला होता. 1896 साली मदुराईत, चुलत्यांच्या घरी, वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना अचानक मृत्यूचे भय वाटले. ते आडवे झाले, देह प्रेतासारखा ताठ करून त्यांनी पाहिले की हा देह मेला, जाळला, तरी 'मी' मरतो का. हे सगळे खरे आहे. पण त्या प्रसंगात काय घडले ते नीट पाहा. कसला प्रकाश दिसला नाही की नाद ऐकू आला नाही. घडला तो एक विचार, शेवटपर्यंत नेलेला, आणि त्यातून पडलेला एक निवाडा: मरतो तो देह, मी नव्हे. आणि तो निवाडा परत फिरला नाही. आपण त्यांच्या चरित्रातून नेमका प्रसंग उचलतो आणि निवाडा तिथेच सोडतो.

आता तुमच्या 'नुसते बौद्धिक' या शब्दांकडे येतो, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे. ही तक्रार नवी नाही. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात उषस्त चाक्रायण याज्ञवल्क्यांना विचारतो की जे साक्षात अपरोक्ष ब्रह्म आहे, जो सर्वांच्या आत असलेला आत्मा आहे, तो मला समजावून सांगा. याज्ञवल्क्य म्हणतात, जो प्राणाने श्वास घेतो तो हा तुझा आत्मा. उषस्ताचे समाधान होत नाही. तो म्हणतो की 'ही गाय, हा घोडा' असे कोणी सांगावे तसे तुम्ही सांगितले, मला तो साक्षात दाखवा. त्यावर उत्तर येते: 'न दृष्टेर्द्रष्टारं पश्येः', पाहण्याला जो पाहतो त्याला तू पाहू शकणार नाहीस. उषस्त गप्प बसला, असे उपनिषद सांगते. त्याला काय हवे होते ते तुमच्यामाझ्या ओळखीचे आहे. गायीसारखा आत्मा कोणीतरी दाव्याला धरून समोर आणून उभा करावा, ही ती इच्छा. ती पुरी झाली असती तर समोर आलेली वस्तू आत्मा नसती, एवढेच.

शब्दाने झालेले ज्ञान परोक्षच असते, 'वाचीव' असते, हा समज पूर्ण बरोबर नाही. विद्यारण्यांनी पंचदशीच्या सातव्या प्रकरणात, तृप्तिदीपात, दहाव्याची प्रसिद्ध गोष्ट याचसाठी घेतली आहे. दहा जण नदी उतरून पलीकडे गेले आणि मोजू लागले. जो तो स्वतःला सोडून मोजी, त्यामुळे नऊच भरत. दहावा बुडाला म्हणून ते डोके बडवून रडू लागले. वाटसरू म्हणाला, "दहावा आहे." हे ऐकून थोडा धीर आला, हे परोक्ष ज्ञान. मग त्याने मोजणाऱ्याच्याच छातीला बोट लावून म्हटले, "दहावा तूच आहेस." हे अपरोक्ष. दोन्ही वेळा साधन शब्द हेच होते. पहिल्या वाक्यानंतर दहाव्याने डोळे मिटून 'दहावा, दहावा' असे ध्यान केले नाही आणि दुसऱ्या वाक्यानंतर 'हे मला बौद्धिक पातळीवर पटले, आता अनुभव यायला हवा' असेही तो म्हणाला नाही. वस्तू दूर असेल तर शब्द तिचे परोक्ष ज्ञान देतो, जवळ असेल तर अपरोक्ष देतो. फरक शब्दात नसतो, वस्तू कुठे आहे त्यात असतो.

याला शास्त्रात दोन आवरणांची भाषा आहे. 'ब्रह्म नाही' असे वाटायला लावणारे ते असत्त्वापादक आवरण, आणि 'ब्रह्म असेलही, पण मला ते भासत नाही' असे म्हणायला लावणारे ते अभानापादक आवरण. परोक्ष ज्ञानाने पहिले जाते, अपरोक्षाने दुसरे. तुमचे पहिले गेले आहे, हे तुमच्या पत्रावरून स्पष्ट दिसते. दुसरे अडून बसले आहे, आणि ते अडण्याचे एक मोठे कारण ती वीस मिनिटे आहेत, कारण 'भासणे' म्हणजे तसे भासणे, अशी तुमची पक्की समजूत होऊन बसली आहे.

या ठिकाणी अद्वैतातही दोन घराणी पडली हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वाचस्पती मिश्रांच्या भामती या टीकेचा कल असा, की महावाक्याने, म्हणजे 'मी ब्रह्म आहे' यासारख्या उपनिषदातल्या वाक्याने, आधी परोक्ष ज्ञान होते आणि पुढे निदिध्यासनाने, म्हणजे त्या अर्थाच्या सततच्या चिंतनाने, संस्कारलेले मन अपरोक्षाचे साधन बनते. प्रकाशात्म्यांच्या विवरण या टीकेचे म्हणणे असे, की अधिकारी श्रोत्याला वाक्यच थेट अपरोक्ष ज्ञान देते. मनन आणि निदिध्यासन ही त्या ज्ञानाच्या वाटेतले अडथळे काढण्यापुरती. मी विवरणाच्या बाजूचा आहे, आणि ही केवळ पक्षनिष्ठा नाही. मनाला साधन म्हटले की साधक नकळत मनाची एखादी खास अवस्था शोधू लागतो आणि तुमच्यासारखीच त्याचीही चार वर्षे जातात. तरीही भामतीच्या बाजूने इतके म्हणावे लागते की अशुद्ध, चंचल मनात वाक्य ऐकूनही न ऐकल्यासारखे होते, हे रोज शिकवताना दिसते.

मग आत्मज्ञानाच्या वेळी मनात काही घडतच नाही का? घडते. विद्यारण्यांनी त्यासाठी दिव्याचा दाखला दिला आहे आणि मला तो या सबंध विषयातला सर्वांत नेमका दाखला वाटतो. अंधारातला घट पाहायला डोळाही लागतो आणि दिवाही. दिवा पाहायला मात्र फक्त डोळा लागतो, दुसरा दिवा लागत नाही. तसे, घटाच्या ज्ञानात मनाची वृत्ती, म्हणजे वस्तूचा आकार घेणारी मनाची हालचाल, घटापर्यंत जाते आणि वृत्तीतले चैतन्य घटाला उजळते. आत्म्याच्या बाबतीत 'मी ब्रह्म आहे' ही वृत्ती लागते, पण ती केवळ अज्ञान दूर करण्यासाठी. आत्म्याला उजळवायला काही लागत नाही. वृत्तीने वस्तूला व्यापून अज्ञान दूर करणे ही वृत्तिव्याप्ती, वृत्तीतल्या चैतन्याने वस्तूला उजळणे ही फलव्याप्ती. आत्मज्ञानात पहिली लागते, दुसरी लागत नाही. ज्यांना आत्मज्ञानात काहीतरी 'दिसण्याची' अपेक्षा असते, ते दिवा शोधायला दुसरा दिवा घेऊन निघालेले असतात.

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. शब्दाची आरती ओवाळून झाल्यावर त्यांनी शब्दाचेच खंडन केले: शब्द विसरलेल्याची आठवण करून देतो हे खरे, पण आत्म्याला स्वतःचा विसर कधी पडलाच नाही, तर शब्दाने आठवण कोणाला करून द्यायची? पुढच्या प्रकरणात ते अज्ञानालाही उभे राहू देत नाहीत. पंडितांनी यावर पुष्कळ वाद घातले आहेत आणि ते शंकराचार्यांच्या मायावादाशी पूर्णपणे जुळत नाही, हेही खरे. चांगदेव पासष्टीतला आरसा मात्र सर्वांनाच समजतो: आरशात पाहण्याआधीही मुख असते आणि आरसा काढून घेतल्यावरही असते. तुमचे शिबिर हा एक स्वच्छ आरसा होता. तो नेला म्हणून तुम्ही मुख हरवल्याची तक्रार करीत आहात.

व्यवहाराच्या बाजूने आता काय करावे, ते सांगतो. श्रवण तुमचे झाले आहे, पण ते पुस्तकांतून, एकट्याने, इकडचे तिकडचे झाले आहे असे दिसते. एकच प्रकरणग्रंथ, म्हणजे वेदान्ताची ओळख करून देणारा छोटा ग्रंथ, एका परंपरेतल्या माणसाजवळ बसून आरंभापासून शेवटपर्यंत ऐका. मननात असंभावना जाते, म्हणजे 'हे कसे शक्य आहे' ही शंका. आणि ती जायची तर शंका कागदावर उतरवून काढल्या पाहिजेत, कारण मनात घोळणारी शंका दर वेळी नवे कपडे घालून येते. निदिध्यासनात विपरीतभावना जाते. विपरीतभावना म्हणजे काय, हे घर बदललेल्या कोणालाही कळेल: महिनाभर हात दिव्याचे बटण जुन्या जागीच शोधतो. बटण कुठे आहे याचे ज्ञान पहिल्याच दिवशी झालेले असते, त्यासाठी नवा पुरावा किंवा नवा अनुभव लागत नाही. हाताची सवय मोडावी लागते, इतकेच.

ही सवय ध्यानाच्या आसनापेक्षा दिवसाच्या धबडग्यात जास्त उघडी पडते. पंचदशी शिकवायला लागून मला वीस वर्षे झाली होती तेव्हाची गोष्ट सांगतो. एका कार्यक्रमात आभारप्रदर्शन करणाऱ्याने सर्वांची नावे घेतली आणि माझे राहून गेले. पुढचे दोन तास मी लोकांशी हसून बोलत होतो आणि आत जळत होतो. घरी परतताना एस.टी.त लक्षात आले की दुखावले गेले ते नाव, आणि ते दुखणे मला अगदी लख्ख दिसत होते. दिसत होते म्हणजे मी ते नव्हतो. एवढा विचार मी शेकडो वेळा शिकवला होता. त्या दिवशी तो नाव विसरलेल्या माणसाच्या कृपेने लागू पडला. तुम्हीही तिथे शोधा. साधकाची सर्वांत आवडती तक्रार, 'मला आत्मा कळत नाही', हीसुद्धा तपासून पाहा. न कळणे कळते आहे. ते ज्याला कळते, त्याच्यावर अज्ञानाचा पडदा कुठे आहे?

आपल्याकडे इंचगिरी परंपरेत सिद्धरामेश्वर महाराज पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग असा भेद करीत. मुंगी झाडावर चढत चढत फळापर्यंत जाते, पक्षी झेप घेऊन पोहोचतो. मुंगीचा मार्ग ध्यानाभ्यासाचा, पक्ष्याचा विवेकाचा. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज खेतवाडीत विडीचे दुकान चालवीत. गुरूने सांगितले की तू स्वतःला जे समजतोस ते तू नाहीस, 'मी आहे' या जाणिवेला धरून राहा, आणि ते त्यांनी मानले. सुमारे तीन वर्षांत काम झाले, असे ते सांगत. गिऱ्हाईकांची ये-जा चालू असताना हे झाले, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

तुमच्या त्या पहाटेला मी टाकाऊ म्हणत नाही. देहाच्या जाणिवेवाचूनही 'असणे' चालू राहते, याची तिने तुम्हाला खात्री दिली, आणि अशी खात्री नुसत्या तर्काने फार थोड्यांना मिळते. पण गौडपादांनी मांडूक्य उपनिषदावरच्या कारिकेत जी सूचना केली आहे, 'नास्वादयेत् सुखं तत्र', त्या सुखाची चव घेत बसू नये, ती तुमच्यासाठीच आहे. पुढे वेदान्तसारात रसास्वाद हे समाधीतल्या चार विघ्नांपैकी एक म्हणून आले, लय (मन झोपेत विरणे), विक्षेप (मन भरकटणे) आणि कषाय (दडलेल्या वासनांनी मन अडणे) यांच्या जोडीला. चार वर्षांनंतरची चव ही तर चवीची आठवण झाली. एक गोष्ट ओघात सांगून ठेवतो: ध्यान करता करता कोणाला जग खोटे वाटून भीती वाटू लागली, झोप उडाली, जेवण तुटले, तर त्याला वैराग्य समजू नये, ध्यान थांबवून डॉक्टरांना दाखवावे. वैराग्यात माणूस शांत जेवतो.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारले आहे की आत्मज्ञान झाल्यावर राग, दुखणी, प्रपंचाचे ताप थांबतात का. दहाव्याच्या गोष्टीत विद्यारण्यांनी एक बारीक तपशील ठेवला आहे, तो गोष्ट सांगताना बहुतेक जण गाळतात. दहावा सापडल्याबरोबर रडणे थांबले. पण रडताना डोके बडवून घेतल्याने कपाळाला झालेली जखम त्या क्षणी बरी झाली नाही, ती भरायला महिना लागला. त्या महिन्यात ती ठणकतही होती. मात्र दहावा मेला नाही या आनंदात तो ठणका झाकला गेला, आणि जखम अजून आहे म्हणून दहाव्याने पुन्हा एकदा माणसे मोजून पाहिली नाहीत.